मदत हवी आहे: कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमधले टाळ वडिलांना सोसत नाहीत

मंडळी, ऑडिओ एडिटिंग जमणाऱ्या कुणीतरी वाट दाखवा.

बाबांना (वय ७९) आता मंदिरापर्यंत जाववत नाही, म्हणून गावच्या सप्ताहातली पाच कीर्तनं मी फोनवर रेकॉर्ड केली. महाराज निरूपण अगदी हळू करतात. अभंगाचं चरण आलं की मागचे टाळकरी एकदम उठतात. निरूपणासाठी बाबा आवाज वाढवतात आणि गजर सुरू झाला की दचकून हेडफोन काढतात. परत घालेपर्यंत पुढचं निम्मं निरूपण झालेलं असतं.

ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारी सोय) लावला: थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचा आवाज दाबला जातो ती पातळी) -३० डीबी (डेसिबल), रेशो (किती दाबायचं) ८:१, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) अगदी कमी. मग पूर्ण फाइल -१४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणली. बाबा म्हणाले, "महाराज दमलेत का गं? सारखा श्वासच ऐकू येतोय." आणि टाळ टोचतातच! मीटरवर निरूपण आणि गजरात जेमतेम ३ डीबीचा फरक उरलाय, मग कानाला एवढा का जाणवतो? टाळ पुसून टाकायचे नाहीत, टाळांशिवाय कीर्तन बाबांना चालणार नाही.

प्रतिसाद:
ताई, कान सगळे स्वर सारखे मोजत नाही. २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास तो सगळ्यात तिखट असतो; फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. टाळांची किणकिण तिथेच आणि त्याच्या वर. शिवाय उतारवयात बारीक आवाज ऐकू येईनासा होतो, मोठा मात्र पूर्वीइतकाच बोचतो. मधली सुखाची जागा अरुंद होते.

-१४ ही पूर्ण फाइलची सरासरी. त्याने आतला चढउतार बदलत नाही. आणि ८:१ ने सगळं दाबून मग उचललं की श्वासही उचलला जातो.

मूळ फाइल घ्या. एन्व्हलप टूलने (हव्या त्या जागी आवाज कमी-जास्त करायचं साधन) फक्त गजराचे भाग हाताने ६-८ डीबी उतरवा. वेळखाऊ आहे, पण निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. मग कंप्रेसर २:१, रिलीज अर्धा ते एक सेकंद. तरी टोचलं तर ३-४ किलोहर्ट्झ थोडं कमी करा, तेही गजरातच. निरूपणात तिथे हात लावू नका; त, च, स यांची धार गेली तर बाबांना शब्द कळणार नाहीत.

धागाकर्ती:
एका अभंगावर करून पाहिलं. बाबांनी हेडफोन काढला नाही, मांडीवर ठेका धरून बसले होते! मनापासून आभार. फक्त मृदंगाची थाप बोथट झालीय. अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद ठेवलाय, तो वाढवू का?