स्टीमचा व्हॉल्व्ह जूनपासून हंटिंग करतोय (एका जागी न ठरता झुलतोय): डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर घ्यावं की चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) शटडाऊनला खोलूनच बघावं?

वेर्णा_इन्स्ट्रुमेंट

नमस्कार. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ११ वर्षं इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्स बघतोय. प्रश्न एका व्हॉल्व्हचा आहे, पण त्यात आमचं सगळं शटडाऊन अडकलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

रिअॅक्टरच्या जॅकेटला ३.५ बारची स्टीम देणारा २ इंची ग्लोब व्हॉल्व्ह आहे. स्प्रिंग-डायफ्रॅम अॅक्च्युएटर (हवेच्या प्रेशरनं स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, हलवणारा भाग), हवा गेली की बंद होणारा, स्टेमभोवती गळती थांबवणारं टेफ्लॉन पॅकिंग, वर हार्टवाला डिजिटल पोझिशनर (सिग्नलप्रमाणे स्टेम जागेवर नेणारं यंत्र; हार्ट म्हणजे सिग्नलच्याच वायरवरून डिजिटल माहिती नेण्याची पद्धत). मे महिन्यापर्यंत बॅचचं तापमान १ अंशाच्या आत राहायचं. जूनपासून ४ अंश वर, ४ अंश खाली झुलतंय. प्रोसेसवाले म्हणतात ट्यूनिंग बिघडलं. मी तीनदा गेन (कंट्रोलर किती जोरात प्रतिसाद देतो ते) कमी केला. झुलणं गेलं नाही, नुसतं संथ झालं: आधी ६ मिनिटांनी एक फेरा व्हायचा, आता ११ मिनिटांनी होतो.

चवथीला प्लांट चार दिवस बंद असतो आणि दरवर्षी त्यातच आम्ही ३६ कंट्रोल व्हॉल्व्ह खोलतो. गेल्या वर्षीचं रजिस्टर काढून परवा रात्री मोजलं. ३६ पैकी २२ व्हॉल्व्हमध्ये पॅकिंग आणि गॅस्केट बदलण्यापलीकडे काहीच केलेलं नाही. प्लग, सीट, स्टेम, सगळं चांगलं होतं. त्यातले दोन तर खोलून बसवल्यावर आधीपेक्षा जास्त गळायला लागले. आणि हे करायला सत्तरी तालुक्यातली दोन पोरं चवथीच्या आदल्या रात्री दहापर्यंत प्लांटवर होती. त्यांच्या घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला ती नव्हती, हे माझ्या मनातून जात नाही.

आता पोझिशनरमधली माहिती वाचणाऱ्या डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरचं कोटेशन आलंय. साहेबांनी सोमवारपर्यंत एका पानात सांगायला सांगितलंय की हे घेऊन नक्की काय मिळणार. पोझिशनर दोन कंपन्यांचे आहेत, डीसीएस (प्लांटची संगणकीय नियंत्रण यंत्रणा) जुनी आहे. ज्यांनी हे हातानं वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

साखळीचे_काका

३४ वर्षं याच कामात गेली, आता निवृत्त आहे. तुझं रजिस्टर वाचून बरं वाटलं. असं मोजायला फार कमी लोक बसतात.

आधी व्हॉल्व्हचं बघू. गेन कमी केल्यावर झुलणं मरत नाही, फक्त लांबतं, तेव्हा मी पहिल्यांदा स्टेमवर संशय घेतो. स्टेम चिकटलाय. कंट्रोलर आउटपुट हळूहळू वाढवत राहतो, स्टेम हलत नाही, मग एकदम सुटतो आणि गरजेपेक्षा पुढे जातो. मग उलट दिशेला तेच. ट्रेंडवर आउटपुट करवतीच्या दातासारखं तिरकं दिसेल आणि हार्टवरून येणारी स्टेमची पोझिशन पायऱ्यांसारखी. लूप (सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्हची साखळी) मॅन्युअलला टाक. झुलणं थांबलं तर दोष याच लूपमध्ये आहे, व्हॉल्व्हमध्ये नाहीतर ट्यूनिंगमध्ये. तरीही चालूच राहिलं तर बाहेरून येतंय, स्टीम हेडरचं प्रेशर बघ.

नंतर ४० टक्क्यांवर उभा राहा आणि अर्ध्या-अर्ध्या टक्क्यानं सिग्नल वाढव. एका माणसाला स्टेमच्या पट्टीकडे बघत उभं कर. यासाठी कसलंही सॉफ्टवेअर लागत नाही, आम्ही वर्षानुवर्षं असंच केलं.

आता सॉफ्टवेअर. मोजण्याचं काम पोझिशनर करतो: पुरवठ्याच्या हवेचं प्रेशर, अॅक्च्युएटरमधलं प्रेशर, स्टेमचा प्रवास, आय-टू-पीला (विजेच्या सिग्नलचं हवेच्या प्रेशरमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाला) जाणारा ड्राइव्ह सिग्नल. सॉफ्टवेअर ते उतरवून घेतं, ग्राफ काढतं आणि जपून ठेवतं. सगळ्यात मोलाचा ग्राफ म्हणजे व्हॉल्व्ह सिग्नेचर. व्हॉल्व्ह सावकाश पूर्ण उघडायचा, सावकाश बंद करायचा, आणि प्रत्येक टप्प्याला प्रवास किती आणि डायफ्रॅमवर प्रेशर किती ते आखायचं. उघडतानाची एक रेघ, बंद होतानाची दुसरी. दोघींमधलं अंतर म्हणजे घर्षण.

हिशेब तोंडी करता येतो. डायफ्रॅमचं परिणामी क्षेत्रफळ ४५० चौरस सेंटीमीटर धर, दोन रेघांत ०.४ बार अंतर धर. त्याचं अर्धं ०.२. ०.२ गुणिले ४५० म्हणजे साधारण ९० किलो. टेफ्लॉन पॅकिंगच्या २ इंची व्हॉल्व्हला एवढं घर्षण फार झालं. ग्रॅफाइट असतं तर मी फारसा दचकलो नसतो. अंतर सगळ्या प्रवासात सारखंच जास्त असेल तर ग्लँड (पॅकिंग दाबून धरणारा भाग) बघ. एकाच जागी फुगवटा असेल तर स्टेम वाकलाय, नाहीतर आत काहीतरी घासतंय. अंतर जवळजवळ मिटलंच असेल तर पॅकिंग सैल झालंय. रेघांच्या उतारावरून स्प्रिंग कळते, हलायला सुरुवात कुठे होते त्यावरून बेंच सेट (स्प्रिंगला बसवलेला प्रेशरचा पल्ला) कळतो. बंद टोकाला रेघ सरळ खाली पडायला हवी. तिथे ती गोलाई घेऊन उतरली तर सीटवर शंका घ्यायची.

पण बाबा, हे सगळं कशाच्या तुलनेत? व्हॉल्व्ह चांगला असताना काढलेली सिग्नेचर हाताशी नसेल तर निम्मी किंमत गेली. हे मी स्वतः उशिरा शिकलो. पहिली तीन वर्षं आम्ही फक्त आजारी व्हॉल्व्हचे ग्राफ काढत होतो, आणि निरोगी ग्राफ कसा दिसतो यावर आपसात वाद घालत होतो.

कुंडई_लूप

काकांनी ग्राफचं सांगितलंय, मी वायरचं सांगते, कारण आमचे पहिले १५ दिवस तिथेच गेले.

हार्टचा सिग्नल त्याच ४-२० मिलिअँपच्या जोडीवर बसलेला असतो, १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत. वेग सेकंदाला १२०० बिट. त्यामुळे एक सिग्नेचर उतरवायला काही मिनिटं जातात, लॅपटॉप अडकला असं समजून केबल ओढू नका. तुमची डीसीएस जुनी आहे म्हणता. बऱ्याच जुन्या आउटपुट कार्डांना हार्टचं आवडत नाही, ती हे स्वर गिळून टाकतात. अशा लूपमध्ये हार्ट फिल्टर टाकावा लागतो, प्रत्येक लूपला एक. तो खर्च सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये नसतो, तुमच्या एका पानात नक्की घाला. सगळे व्हॉल्व्ह सतत बघायचे असतील तर मार्शलिंगमध्ये (सगळ्या वायरी एकत्र येतात त्या पॅनेलमध्ये) हार्ट मल्टिप्लेक्सर (अनेक लूप आळीपाळीनं वाचणारं यंत्र) लागतो. सुरुवातीला यूएसबी मोडेम आणि एक लॅपटॉप पुरे.

दोन कंपन्यांच्या पोझिशनरबद्दल: पूर्ण डायग्नोस्टिक्स बहुतेक वेळा त्या-त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. फिशरच्या फील्डव्ह्यूला व्हॉल्व्हलिंक, मॅसोनिलनला व्हॅल्व्ह्यू. पॅक्टवेअरसारख्या चौकटीत दोन्हींचे डीटीएम (त्या-त्या उपकरणाचे ड्रायव्हर) बसवता येतात, पण कोणत्या डीटीएममध्ये सिग्नेचर येते आणि कोणत्यात नुसतं कॅलिब्रेशन, हे लेखी विचारा. तसंच पोझिशनर कोणत्या पातळीचा घेतला होता तेही बघा. एकाच मॉडेलमध्ये साधा आणि डायग्नोस्टिक्सवाला असे प्रकार असतात, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

आणि डेमोला माणूस येतो तेव्हा त्याला त्याच्या सुटकेसमधल्या छोट्या व्हॉल्व्हवर काही दाखवू देऊ नका. तुमच्या आजारी व्हॉल्व्हवर करून दाखवायला सांगा.

हवा_कोरडी_हवी

थोडंच लिहितो. दोष जूनमध्ये सुरू झाला हे वाचून हवेचा ड्रायर आठवला. आयएसए ७.०.०१ या मानकाप्रमाणे इन्स्ट्रुमेंट एअरचा ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं तो) त्या जागेच्या सगळ्यात कमी तापमानाच्या किमान १० अंश खाली हवा, आणि कण ४० मायक्रॉनपेक्षा मोठे नकोत. आपल्याकडच्या पावसात ड्रायर एकदा थकला की पाणी आधी फिल्टर-रेग्युलेटरच्या वाटीत दिसतं, मग आय-टू-पीच्या बारीक छिद्रात जातं. ड्राइव्ह महिन्यागणिक चढत असेल आणि स्टेम जागेवरच असेल, तर नॉझल तुंबतोय नाहीतर पुढे कुठेतरी हवा गळतेय. हे चालू प्लांटमध्ये दिसतं, व्हॉल्व्ह बाजूला काढावा लागत नाही. केबल ग्लँडमध्ये वरून उतरत असेल तर तिला खाली वळसा द्या. आमच्याकडे किनाऱ्यालगत दोन पोझिशनर याच पाण्यानं गेले.

वेर्णा_इन्स्ट्रुमेंट

आठ दिवसांनी येतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, खूप काही घडलं.

काका, लूप मॅन्युअलला टाकल्यावर झुलणं थांबलं. मग दोन बॅचच्या मधे परमिट घेऊन स्टीम बंद केली आणि पट्टीकडे खलाशाला (मदतनिसाला) उभं केलं. ४०.५, ४१, ४१.५, ४२, स्टेम ढिम्म. ४२.५ ला खट्कन आवाज झाला आणि तो एकदम ३ टक्के पुढे गेला. तो आवाज मी आजवर कितीतरी वेळा ऐकला असेन, पण तो काय सांगतोय हे त्या दिवशी कळलं.

ताई, डेमोवाल्याला थेट त्याच व्हॉल्व्हकडे नेलं. आउटपुट कार्डानं हार्ट खरंच गिळलं. त्याच्याकडे फिल्टर होता, तो लावल्यावर बोलणं सुरू झालं. सिग्नेचरमध्ये अंतर ०.६ बार, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं. आमच्या अॅक्च्युएटरचं क्षेत्रफळही ४५० च्या आसपासच आहे. म्हणजे साधारण १३५ किलो! बंद टोकाला रेघ मात्र स्वच्छ, सरळ खाली.

मग शिफ्टची वही चाळली. मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्रपाळीची नोंद सापडली: ग्लँडमधून स्टीम लीक, नट आवळून बंद केला. त्या माणसाला दोष नाही, लीक थांबवणं त्याचं कामच होतं. पण आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही वही वाचली नाही. महिनाभर मी ट्यूनिंगशी झगडत बसलो. पॅकिंगचा सेट बदलला, ते कडक होऊन गेलं होतं. हाताशी आलाच आहे म्हणून प्लग आणि सीट बघितली, दोन्ही ठणठणीत. आता अंतर ०.१५ बार आहे. अर्ध्या टक्क्याला स्टेम हलतो. गेन जुना केला, तापमान परत १ अंशाच्या आत.

हवेवाल्या दादांचंही तपासलं. या व्हॉल्व्हला पाणी नव्हतं, पण त्याच हेडरवरच्या दुसऱ्या दोन फिल्टर-रेग्युलेटरच्या वाट्या अर्ध्या भरल्या होत्या. ड्रायरचं काम काढलंय.

साहेबांना पान दिलं. त्यात गेल्या वर्षीचे २२ व्हॉल्व्ह लिहिले, फिल्टरचा खर्च लिहिला, आणि हेही लिहिलं की ३६ पैकी १४ पोझिशनरच डायग्नोस्टिक्स देणारे आहेत, बाकीच्यांना हे सॉफ्टवेअर काही करणार नाही. एक लायसन्स आणि मोडेम मंजूर झाला. त्या १४ पैकी ९ जणांच्या सिग्नेचर काढून झाल्या. त्यातले ४ खोलणार, ५ ना हात लावणार नाही. उरलेल्या ५ चं ठरायचंय. सत्तरीच्या दोघांची रजा मी आजच सही करून पाठवली.

काका, एकच विचारायचं राहिलं. या दुरुस्त केलेल्या व्हॉल्व्हचा आत्ताचा ग्राफ निरोगी म्हणून जपून ठेवू ना?

साखळीचे_काका

आत्ताचा नको. पॅकिंग नवं आहे, ते अजून बसलेलं नाही. १५-२० वेळा पूर्ण उघड-बंद कर, ग्लँडचे नट परत बघ, मग गरम प्लांटवर आठवडाभर चालू दे. त्यानंतर काढलेली सिग्नेचर ठेव. फाईलच्या नावात टॅग नंबर आणि तारीख घाल, आणि पॅकिंग कोणतं घातलंय ते शेऱ्यात लिही. ज्या ५ ना हात लावणार नाहीस त्यांची आत्ताची फाईल मात्र तशीच ठेव, ती तुला पुढच्या चवथीला लागेल.