मदत हवी आहे: एग हंट म्हणजे नुसती चॉकलेटची लूट होऊ नये म्हणून काय करता येईल?

वसईची_पोर

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली सहा वर्षं जर्मनीत ड्रेस्डेनला आहोत. मी वसईची कॅथलिक, नवरा साताऱ्याचा, हिंदू. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५. इथे ईस्टरच्या सकाळी घरोघरी बागेत अंडी लपवतात, ससा ठेवून गेला असं सांगतात आणि मुलं टोपल्या घेऊन सुटतात. आमच्या इमारतीमागे सामाईक बाग आहे. शेजारची तीन मुलंही येतात, त्यातली दोघं तुर्की कुटुंबातली.

गेल्या वर्षीचा हिशेब असा: ६० अंडी, लपवायला पाऊण तास, शोधून संपायला अकरा मिनिटं. थोरलीकडे २३, धाकट्याकडे ४. तो भोकाड पसरून रडला, ती म्हणाली, "मग त्याने पळायचं ना." एक उकडलेलं अंडं जूनमध्ये मिळालं, तेही वासावरून.

हे सगळं चालून जातं. पण रात्री झोपताना धाकट्याने विचारलं, "आई, येशू सशावर बसून आला का?" आधी हसले, मग गप्प झाले. आमच्या लहानपणी एग हंट नव्हतंच. शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटायचा, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. उपवासकाळाचे चाळीस दिवस न गायलेलं आलेलुया त्या रात्री सगळं चर्च एकदम गायचं. घरी आल्यावर मार्झिपान या मिठाईचं एकच अंडं, सुरीने कापून सगळ्या भावंडांत. ईस्टर कशाचा हे कोणी वेगळं समजावलं नाही, ते कळलंच.

मला खेळ बंद करायचा नाही आणि प्रवचनही द्यायचं नाही. शेजारची मुलं ख्रिस्ती नाहीत, त्यांना अवघडल्यासारखं होता कामा नये. थोडं शिकणं, थोडा अर्थ आणि रडारड कमी, असं कोणी केलंय का? यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे, हातात दहा दिवस आहेत.

खारी_बिस्कीट

रडारडीवर उपाय सोपा आहे. प्रत्येक मुलाला एक रंग द्या, प्रत्येकाची अंडी सारखीच, समजा आठ. दुसऱ्याच्या रंगाचं दिसलं तर तोंड बंद ठेवायचं किंवा "गरम, थंड" सांगायचं, उचलायचं नाही. धाकट्याची त्याच्या नजरेच्या उंचीवर, थोरलीची जरा छळ होईल अशी. आणि कुठे काय लपवलं ते कागदावर लिहून ठेवा हो, जून टळेल. बागेत कुणाचा कुत्रा फिरत असेल तर चॉकलेट जमिनीवर नको, कुत्र्यांना ते विषारी असतं.

तिथी_बघून_सांगतो

थोरलीला तारखेचं कोडं घाला. ईस्टर दरवर्षी का सरकतो? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येतो. यंदा २ एप्रिलला हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पौर्णिमा, आणि लगेच रविवारी ईस्टर. २०२४ मध्ये मात्र २५ मार्चला धुळवड होती आणि ३१ ला ईस्टर, कारण ती पौर्णिमा फाल्गुनातली होती. एका अंड्यात कालनिर्णयचं पान घडी करून ठेवा, पुढचं अंडं त्या तारखेच्या आकड्याइतक्या पावलांवर. साताऱ्याची बाजूही खेळात येईल.

कांद्याची_साल

अंडीच का, हेही मुलांना सांगा. मध्ययुगात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या काही उपवास पाळत नाहीत, त्यामुळे ईस्टरपर्यंत घरात अंड्यांचा ढीग साठायचा. मग उकडा, रंगवा, वाटा. ससा बराच नंतरचा. त्याने अंडी लपवल्याचा जुना उल्लेख १६८२ मधल्या एका जर्मन वैद्याच्या लॅटिन पुस्तिकेत आहे. काही भागांत अंडी करकोचा किंवा कोल्हा आणायचा. हे ऐकून पाच वर्षांचं पोर सशाला योग्य जागी बसवतं, स्वानुभव.

आणि तुम्ही ड्रेस्डेनला असून बाउत्झनला गेला नाहीत? तासाभराच्या आत पोचाल. तिथले सोर्ब लोक (जर्मनीतला छोटा स्लाव्ह समाज) हंसाच्या पिसाचं टोक कापून वितळलेल्या मेणात बुडवतात, अंड्यावर ठिपके आणि त्रिकोण उमटवतात, मग रंगात सोडतात. मेणाखालचा भाग कोरा राहतो, बाटिकसारखं. अशी अंडी धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे) आपल्या धर्मलेकरांना देतात. ईस्टरच्या दिवशी काळे कोट आणि उंच टोप्या घातलेले घोडेस्वार गाणी म्हणत पुनरुत्थानाची बातमी गावोगाव नेतात. मुलीला हे दाखवाच.

घरी करायचं तर कांद्याच्या साली. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चिकटवा, जुन्या नायलॉन मोज्यात घट्ट बांधा, सालींच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून दहा मिनिटं उकळा. मोजा सोडताना पानाचा ठसा पहिल्यांदा दिसतो, तेव्हा सगळी पोरं ओट्याभोवती असतात. वरून तेलाचा हात.

शब्दाविण

अमेरिकेत आमच्या चर्चमध्ये बारा प्लास्टिकच्या अंड्यांचा संच वापरतात. आत गाढव, चांदीची नाणी, काटे, खिळे, दगड वगैरे, शेवटचं रिकामं. क्रमाने उघडायची आणि येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट सांगायची.

खारी_बिस्कीट

खिळे आणि चाबूक पाच वर्षांच्या मुलाला? आणि शेजाऱ्यांच्या मुलांसमोर? मी नाही करणार.

शब्दाविण

मलाही ते जड वाटलं होतं, म्हणून आम्ही घरी चारच ठेवली. झावळीचा तुकडा, पावाचा तुकडा, एक गोटा आणि रिकामं.

माळीबुवा

मी ख्रिस्ती नाही, पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ईस्टरच्या सकाळचा भाग अनेकदा वाचलाय. अंधार असताना येशूची शिष्या मरिया माग्दालिया त्याच्या बागेतल्या कबरीपाशी येते, दगड बाजूला झालेला, आत कोणी नाही. ती रडत शोधते आहे. मागे उभा असलेला माणूस विचारतो, का रडतेस, कोणाला शोधतेस? तिला वाटतं हा माळी. त्याने नावाने हाक मारल्यावर तिला ओळख पटते, हा येशूच. म्हणजे मूळ गोष्टच बागेतल्या शोधाशोधीची आहे, तुम्हाला वरून काही चिकटवायला नको. इतर बायका कबरीवर सुगंधी द्रव्यं घेऊन आल्या होत्या, तेव्हा एका अंड्यात लवंगा आणि दालचिनी ठेवा. रिकामं अंडं शेवटी. ते हाती आल्यावर मुलगा "यात काहीच नाही" म्हणून तक्रार करेल, तिथेच गोष्ट सुरू करा. दोन मिनिटांत संपवा. शेजारची मुलंही ऐकतील, गोष्ट ऐकायला बाप्तिस्मा लागत नाही. आणि मरियेसारखं एकेका पोराला नावाने हाक मारून अंडं द्या.

वसईची_पोर

माळीबुवा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मग मी माळी होतो." आता त्याला जुनी हॅट आणि झारी द्यायची आहे. शेवटचा सुगावा त्याच्याकडे, पण मुलांनी विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

बाकी ठरलं ते असं. रंग वाटून प्रत्येकी आठ. त्यांशिवाय सामाईक चार: झावळी, लवंग-दालचिनी, गोटा, रिकामं, आणि ती पाचही जणांनी मिळूनच उघडायची. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) चर्चमध्ये मिळालेल्या झावळीचा तुकडा आई दरवर्षी पत्रात घालून पाठवते, तोच वापरणार. तीन सुगावे मराठीत लिहून वसईला पाठवलेत, मुलांनी व्हिडिओ कॉल करून आजीकडून ऐकायचे. आम्ही इथे भारताच्या साडेतीन तास मागे, म्हणून खेळ दहाला सुरू, आजी जेवून आडवी व्हायच्या आत. तिने लगेच सुधारणा केली, "पिंपाखाली" नको, "पिंपामागे" लिही, पोरगं पिंप अंगावर घेईल.

शेजारणीला आधी सगळं सांगितलं. ती म्हणाली गोष्ट सांगा, फक्त जिलेटिनच्या गोळ्या नकोत (ते बहुतेकदा डुकराचं असतं). बरं झालं विचारलं.

सोर्बांच्या घोडेस्वारांना यंदा गाठणं जमणार नाही, तेही रविवारीच असतात. पण पिसं मागवली आहेत.

एकच अडचण. दुकानातली पांढरी अंडी आत्ताच संपलीत, तपकिरीच मिळाली. त्यांवर कांद्याची साल चढेल का?

कांद्याची_साल

चढते. तांबड्या कांद्याच्या साली दुप्पट घ्या आणि त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. गडद लाकडासारखा रंग येतो. कोथिंबीर मात्र त्यावर नीट दिसत नाही, त्यासाठी शेजारणीकडे चार पांढरी मिळतात का बघा.