सोसायटीच्या ग्रुपवर फुकट मिळणारा पलंग आणि फ्रिज: काय तपासायचं?

नवा_भाडेकरू: लाकडी डबल बेड आणि सिंगल डोअर फ्रिज, दोन्ही फुकट मिळतंय. "आजच न्या" म्हणतायत. होकार देण्याआधी काय बघू?

सुतारपक्षी: आधी ढेकूण. टॉर्च घेऊन प्लायची खालची बाजू, सांधे आणि स्क्रूची भोकं बघा. जुनं एटीएम कार्ड फटीतून फिरवा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग किंवा फिकट टरफलं दिसली तर हात जोडून परत या. उन्हात टाकून भागत नाही, फटीच्या आत तेवढी उष्णता पोचत नाही. गादी तर फुकटातही नको.

थंडगार: फ्रिज त्यांच्याच घरी चालू असताना बघा. दारात नोट अडकवून ओढा, सहज निसटली तर रबर गेलंय. टेम्पोत उभाच न्या. आडवा न्यावा लागलाच तर घरी २४ तास उभा ठेवून मगच सुरू करा, कारण कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरलेलं असतं.

तिसरा_मजला: आणि लिफ्टचं दार मोजा हो! बेड सुटा होतो का विचारा, बोल्ट एका पिशवीत बांधून घ्या. गेटवर वॉचमन अडवतो, तेव्हा देणाऱ्याकडून सामान बाहेर नेण्याची चिठ्ठी आधीच मागा.

नवा_भाडेकरू: सोबत गॅसचा रेग्युलेटरही देतायत.

थंडगार: तो घेऊ नका. कनेक्शनचा रेग्युलेटर गॅस कंपनीचा असतो, देणाऱ्यांनी तो एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्यावं.