लॉग फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच

प्रश्न: आमच्या लिनक्स सर्व्हरवरील वेब सर्व्हरची अवाढव्य लॉग (नोंदींची) फाइल पुसूनही डिस्कवरील मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा मूळ विभाजन (डिस्कचा मुख्य भाग) १०० टक्के भरल्याचे दाखवते, फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज मात्र त्याच्या निम्मीही होत नाही. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर १: दोन्हींवर. युनिक्समध्ये (आणि त्याच धर्तीच्या लिनक्समध्ये) फाइल पुसणे म्हणजे डिरेक्टरीतील तिचे नाव काढणे. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडी ठेवली असेल, तर ती फाइल बंद होईपर्यंत तिचे डिस्कवरील ब्लॉक (जागेचे तुकडे) मोकळे होत नाहीत. ‘डीयू’ नावांचा माग काढत मोजते, ‘डीएफ’ थेट फाइलसिस्टिमला विचारते. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून उघड्या फाइलींची यादी देणारी ‘एलएसओएफ +एल१’ ही आज्ञा चालवल्यास अशा निनावी फाइली व त्यांना धरून बसलेली प्रोसेस दिसेल. ती सेवा रीस्टार्ट करावी. सर्व्हर रीबूट करण्याची घाई (दुर्दैवाने हाच सर्रास दिला जाणारा सल्ला) अनावश्यक आहे.

उत्तर २: रीस्टार्ट शक्य नसल्यास ‘/प्रॉक’मधील (चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतील) त्या प्रोसेसच्या ‘एफडी’ डिरेक्टरीतून ती फाइल शून्य बाइटपर्यंत छाटता येते, मात्र डिस्क्रिप्टरचा (प्रोसेसने उघडलेल्या फाइलीचा) क्रमांक दोनदा तपासावा. यापुढे जुन्या नोंदी ठरावीक काळाने बाजूला काढणारे लॉगरोटेट वापरावे.

उत्तर ३: यातून काहीच न सापडल्यास, माउंट केलेल्या (दुसरे विभाजन जोडलेल्या) डिरेक्टरीखाली जुन्या फाइली झाकल्या गेल्या आहेत का, हे मूळ विभाजन अन्यत्र बाइंड माउंट करून (म्हणजे दुसऱ्या डिरेक्टरीतही जोडून) पाहावे.