सीरम तोडूनही हेला पेशी जी-वनमध्ये थांबत नाहीत, काहून?

अमरावती_रोड_एमएस्सी
हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कॅन्सर पेशी) सायकल अरेस्टचं, म्हणजे पेशीचक्र एका टप्प्यावर थांबवायचं काम सुरू आहे (टप्पे: जी-वन, मग डीएनए दुप्पट होतो तो एस, मग जी-टू, मग विभाजन). मिडियममधलं सीरम (पेशींना वाढीचे संकेत देणारा रक्ताचा द्रव भाग) १० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणून २४ तास ठेवलं, तरी फ्लो सायटोमीटरच्या (एकेका पेशीतला डीएनए मोजणारं यंत्र) आलेखात जी-वनचा ढीग काही वाढत नाही. त्वचेचे फायब्रोब्लास्ट त्याच मिडियममध्ये बरोबर थांबतात. मग चक्र थांबवणारी दोन औषधं, पॅल्बोसिक्लिब १ मायक्रोमोलर आणि नटलिन-३ए १० मायक्रोमोलर वेगवेगळं देऊन पाहिलं. डीएमएसओ कंट्रोलमध्ये (औषधाविना नुसता द्रावक) आणि त्यात काहीच फरक नाही. वरून जी-टूचा ढीग दर वेळी वेगळाच येऊन राहिला. औषध खराब आहे का?

पेशीपुराण
औषध ठीक आहे, पेशीही ठीक आहेत. जोडी चुकली.

सीरम काढलं की सायक्लिन डी हे प्रथिन घटतं, सीडीके-४ या एन्झाइमला जोडीदार उरत नाही, आरबी या ब्रेक-प्रथिनावर पुरेसे फॉस्फेट चढत नाहीत आणि आरबी ई२एफला (जनुकं चालू करणारं प्रथिन) धरून बसतं. ई२एफ सुटल्याशिवाय एस टप्प्याची जनुकं चालू होत नाहीत. फायब्रोब्लास्ट थांबतात ते यामुळे. हेला १९५१ साली गर्भाशयमुखाच्या गाठीतून काढलेल्या; त्यांच्या डीएनएत एचपीव्ही-१८ हा विषाणू घुसलेला आहे. त्याचं ई७ प्रथिन आरबीची वाट लावतं, ई६ पी५३ला (पेशीचक्र थांबवणारं दुसरं प्रथिन) प्रोटिएसोमच्या (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) तोंडी देतं. पॅल्बोसिक्लिब सीडीके-४ आणि ६ला अडवतं, पण त्यांनी ज्याला हात लावायचा ते आरबीच जागेवर नाही. नटलिन पी५३ला एमडीएम२पासून (पी५३ मोडायला लावणारं प्रथिन) वाचवतं. इथे पी५३चा वैरी एमडीएम२ नाही, ई६ आहे. दोन्ही औषधं एमसीएफ-७वर (स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी) लावा. त्यात आरबी आणि पी५३ दोन्ही शाबूत आहेत.

हेलाच हव्या असतील तर डबल थायमिडिन ब्लॉक करा, म्हणजे थायमिडिन (डीएनएचा एक घटक) जास्त देऊन पेशी दोनदा अडवा. थायमिडिन जास्त झालं की रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज (डीएनएच्या विटा बनवणारं एन्झाइम) दबतं, डीसीटीपी ही वीट आटते आणि डीएनए बनणं अडतं. यात आरबी-पी५३चा संबंध येत नाही. २४२ मिलिग्रॅम थायमिडिन १० मिली पाण्यात कोमट करून विरघळवा, ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा. हा १०० मिलिमोलर स्टॉक. १० मिली मिडियमला २०० मायक्रोलिटर. पेशी २५-३० टक्के भरलेल्या असतानाच सुरू करा. सोमवारी दुपारी ४ला पहिला ब्लॉक, मंगळवारी सकाळी १०ला धुऊन सोडा, संध्याकाळी ७ला दुसरा ब्लॉक, बुधवारी सकाळी ११ला सोडा. दुपारी ३ला एसच्या मधोमध, संध्याकाळी ७च्या सुमारास जी-टू, रात्री ८-९ला विभाजन.

दोनदा काहून? पहिल्या ब्लॉकच्या वेळी ज्या पेशी एसमध्ये होत्या त्या वाटेतच गोठतात. ९ तास सोडल्यावर त्या एस ओलांडतात, पण पुढच्या एसला कुणीच पोचत नाही. दुसरा ब्लॉक मग सगळ्यांना एकाच उंबरठ्यावर आणतो. धुताना कोमट पीबीएसने (क्षारांचं बफर) तीनदा धुवा. थायमिडिन उरलं तर सुटका रखडते.

नवतपा
जी-टूच्या घोळाबद्दल. दोन जी-वन पेशी चिकटल्या तर यंत्राला त्या एक जी-टू पेशी वाटतात. एरिया विरुद्ध विड्थ प्लॉटवर अशा जोड्या (डबलेट) गाळा, फ्लो रेट सगळ्यात कमी ठेवा. फिक्स करताना पेशींवर इथेनॉल ओतू नका. आधी पेशी थोड्या पीबीएसमध्ये सुट्या करा, मग व्हॉर्टेक्सवर थंडगार ७० टक्के इथेनॉल थेंबथेंब. एकदम ओतलं की गोळे झालेच. डीएनएला धरणारा रंग प्रॉपिडियम आयोडाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आरएनए मोडणारं आरएनेज ए १००, अंधारात ३७ अंशांवर अर्धा तास. आरएनेज विसरलात तर रंग आरएनएलाही धरतो आणि ढीग पसरट होतात. मशीन दुसऱ्या संस्थेत असेल तर नळ्या इथेनॉलमध्येच बर्फावर न्या, रंग तिथे गेल्यावर द्या. नागपुरात अमरावती रोड ते मेडिकल चौक मे महिन्याच्या दुपारी म्हणजे चेष्टा नाही.

आणि इनक्युबेटर तपासा. साध्या सीओटू इनक्युबेटरला हीटर असतो, कूलिंग नसतं. रात्री एसी बंद केला अन् खोलीच ३८ अंशांवर गेली, तर डबा ३७वर राहील कसा? उष्णतेच्या ताणानेही चक्र अडतं. आत मॅक्सिमम-मिनिमम थर्मामीटर ठेवून सकाळी रीडिंग घ्या.

अमरावती_रोड_एमएस्सी
एसी रात्री बंदच असतो! अजून एक: ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) हेलात पी१६ हे प्रथिन भरपूर दिसून राहिला. तो तर सीडीके-४चा ब्रेक ना?

मेडिकल_चौक_पॅथो
ब्रेक दाबलेलाच आहे, पण चाकाशी जोडलेली तार तुटली. आरबी शाबूत असताना पी१६ दाबात असतो. ई७ने आरबी काढलं की पी१६ मोकाट वाढतो, पण सीडीके-४ अडवून उपयोग शून्य. गर्भाशयमुखाच्या बायोप्सीत आम्ही हेच वापरतो, पी१६ला रंग देऊन बघतो. केंद्रक आणि सायटोप्लाझम दोन्हीत सलग, ठोकळ्यासारखा रंग आला तर सीआयएन-२ (कॅन्सरपूर्व बदलाची दुसरी पायरी) किंवा वरचा बदल असण्याकडे कल. मधेच एखादा ठिपका आला तर तो मोजत नाही. मात्र पी१६ म्हणजे एचपीव्ही असं थेट समीकरण मांडू नका: फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये विषाणू नसतो, आरबी नसतं, तरी पी१६ भरपूर.

म्हणून पॅल्बोसिक्लिब हार्मोन-पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या, हर-२ प्रथिन जास्त नसलेल्या) स्तनाच्या कॅन्सरला देतात, तिथे आरबी बहुधा शाबूत असतं. डोस १२५ मिग्रॅ, २१ दिवस रोज, ७ दिवस सुट्टी. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) घटतात, कारण अस्थिमज्जेतल्या पेशीही त्याच सीडीके-६वर चालतात. पण त्या बहुतांशी मरत नाहीत, थांबतात, म्हणून सुट्टीत काउंट वर येतो.