मेणाचा ब्लॉक न कापता मायक्रो-सीटी करायचा आहे, मदत हवी

नमस्कार. मी जळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे. तोंडाच्या कर्करोगाचे नमुने आमच्याकडे सतत येतात. ते मेणात बसवून ब्लॉक करतो, मग त्याच्या पातळ पट्ट्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो.

गेल्या महिन्यात पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या जिभेचा नमुना आला. गाठ दीड सेंटीमीटरची. पहिल्या स्लाइडवर गाठ आत शिरल्याची खोली 4.6 मिमी भरली, म्हणजे टी-1 (गाठीची सगळ्यात खालची पायरी). मन मानेना, ब्लॉक अजून आत कापत गेले, तर 5.4 निघाली. 5 मिमीच्या वर गेलं की टी-2, आणि मानेतल्या लसिका गाठी काढायच्या का, हे बरंचसं या खोलीवरच ठरतं. मायक्रोटोमवर (ब्लॉक कापायच्या यंत्रावर) 4 मायक्रॉनची पट्टी मिळते, पण ट्रिमिंगमध्ये, म्हणजे वरचा थर तासताना, गेलेला तुकडा परत येत नाही. त्यांचा मुलगा काउंटरला टेकून विचारत होता, "डॉक्टर, कितलं खोल शे?" आकडा सांगताना माझा जीव वरखाली होत होता.

म्हणून कापण्याआधी मायक्रो-सीटीने (छोट्या वस्तूंचा बारकाईने केलेला क्ष-किरण सीटी स्कॅन) अख्ख्या ब्लॉकचं त्रिमितीय चित्र हवंय. मऊ ऊतक क्ष-किरण फारसे अडवत नाही, ओला नमुना सगळा एकसारखा करडा दिसतो. लुगॉलचं आयोडीन मुरवलं तर फरक उठून दिसतो, पण नमुना आक्रसतो, आणि मला तर मापच घ्यायचंय. मेणातला ब्लॉक मात्र न रंगवताही स्कॅन होतो, कारण मेण ऊतकापेक्षा विरळ असतं. नंतर तोच ब्लॉक कापून एच अँड ई (नेहमीचं रंगवणं) करता येतो. मला हाच मार्ग पटलाय.

धातूचे सुटे भाग तपासणाऱ्या मायक्रो-सीटीवर, केव्ही (क्ष-किरण नळीचा व्होल्टेज) उतरवून, असे ब्लॉक कुणी घेतलेत का? प्लॅस्टिकची कॅसेट ठेवली की काढली? नंतर इम्युनोचे रंग (अँटीबॉडी वापरून ठरावीक प्रथिनं दाखवणारे) नीट आले का?

दुसरी काळजी उन्हाची. मेण छप्पन्न-अठ्ठावन्न अंशांना वितळतं हे खरं, पण इकडे पारा 44 वर गेला की टेबलावरच ब्लॉक मऊ पडतो, पट्टी चुरगळते. स्कॅन चालू असताना ब्लॉक केसभर जरी सरकला तरी चित्र पुसट होतं. तुम्ही तो कशाने घट्ट बसवता?

इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) इमेजिंग बीमलाइन, म्हणजे चित्रं घ्यायची सोय, आहे; तिथे फेज कॉन्ट्रास्टने (किरण किती अडले यापेक्षा किती वळले हे टिपून) मऊ ऊतक चांगलं दिसतं. आम्हाला पुण्यापेक्षा इंदूर जवळ. तिथे प्रस्ताव पाठवलेलं कुणी असेल तर कृपया व्यनि करा.

रुग्णाची संमती घेतली आहे. न कापलेले चार ब्लॉक फ्रीजमध्ये आहेत.