मदत हवी आहे: 'दे मेट' पुरं, मग 'दे लव्ह' अर्धवट का?

नमस्कार मंडळी. इंग्रजी लिहिताना एका जागी मी हमखास अडखळते. 'दे मेट' चालतं, पण 'दे लव्ह'पुढे 'ईच अदर' लागतंच. मराठीत 'ते भेटले' आणि 'ते एकमेकांना भेटले' दोन्ही कानाला बरी वाटतात, त्यामुळे कानाची मदत शून्य. दुसरं दुखणं म्हणजे मराठीतला '-शी' प्रत्यय दिसला की हातून 'विथ' पडतो. 'तिने त्याच्याशी लग्न केलं'चं मी 'शी मॅरीड विथ हिम' केलं, ते लाल शाईत परत आलं. पण 'त्याच्याशी वाद घातला'ला 'विथ' बरोबर! पाठ करण्यावाचून काही उपाय?

प्रतिसाद १
मीट, मॅरी, डिव्होर्स, किस, हग यांचा कर्ता अनेकवचनी असला की 'एकमेकांना' आतच आलं: 'दे हग्ड'. कर्ता एकटा असेल तर दुसरा माणूस थेट कर्म, मध्ये काही नको: 'शी मॅरीड हिम'. अग्री, आर्ग्यू, क्वॉरल, चॅट यांना मात्र 'विथ' हवा. लव्ह, नो, हेल्प एकतर्फी असू शकतात (प्रेम तर फारच), म्हणून तिथे 'ईच अदर' सांगावं लागतं.

प्रतिसाद २
एकतर्फीचा नियम पुरा पडत नाही हो. 'शी किस्ड हिम'मध्ये तो नुसता उभा असू शकतो. 'दे किस्ड'मध्ये दोघांचाही सहभाग आला. उलट, साम्य कधीच एकतर्फी नसतं, तरी 'दे रिझेम्बल' अपुरंच, 'ईच अदर' हवंच. तेव्हा यादी पाठ करा, फार लांब नाही. 'फाइट'ला 'विथ' लावा किंवा लावू नका, दोन्ही चालतं, पण 'फॉट विथ हिम'चा अर्थ 'त्याच्या बाजूने लढली' असाही निघतो, जपून. मला आवडतं ते 'कोलाइड'. 'द कार कोलायडेड विथ द ट्री' ठीक, पण 'द कार अँड द ट्री कोलायडेड' म्हटलं की झाडही धावत आल्यासारखं वाटतं!

धागाकर्ती
झाडावर खूप हसले. पण मग 'शी इज मॅरीड टू हिम'मधला 'टू' कुठून आला?

प्रतिसाद २
तिथे 'मॅरीड' हे विशेषण आहे. लग्न लागलं ती घटना 'शी मॅरीड हिम', लग्न झालेलं आहे ही स्थिती 'मॅरीड टू'. 'विथ' दोन्हीकडे नाही.